प्रस्तुत संशोधक यांस, स.न.वि.वि.

आपली ओळख जुनी, पण एकतर्फी. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. शोधप्रबंध टाइप करायचे, मुद्रितं तपासायची, डावीकडं दीड इंच समास सोडून प्रिंट काढायची आणि मरून रेक्झिनच्या बाइंडिंगला धाडायची, हा माझा धंदा. श्रीलिपीच्या काळापासून तुमचं नाव टाइप करते आहे. 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले की' एवढं वाक्य माझी बोटं झोपेतही उमटवतील.

तुमचा आवाका मात्र थक्क करणारा. मराठीत तुम्ही, शिक्षणशास्त्रात तुम्ही, वाणिज्यात तुम्ही, गृहविज्ञानातही तुम्हीच. एकाच महिन्यात गडचिरोलीत मुलाखती घेता आणि तासगावच्या बेदाणा बाजारात प्रश्नावल्या वाटता. तुम्हाला तहान लागत नाही, तुमची एसटी चुकत नाही, समोरचा खोटं बोलतोय असा संशय येत नाही, कुणाचं ऐकून डोळ्यांत पाणी येत नाही. तुमच्या सगळ्या उत्तरदात्यांनी 'उत्स्फूर्त सहकार्य' केलेलं असतं. माझ्या दारात वर्गणी मागायला आलेल्यांनाही मी इतकं सहकार्य कधी केलेलं नाही. बायकांच्या प्रबंधात तुम्ही लुगडं नेसून 'प्रस्तुत संशोधिका' होता; पदर तेवढा नवा, आतला माणूस तोच. माणूस म्हटलं ते सवयीनं. राग मानू नये, तो तुम्हाला येतच नाही.

एकच पान असं आहे की जिथं तुमची डाळ शिजत नाही. ऋणनिर्देश. तिथं पोरंपोरी तुम्हाला न विचारता आत शिरतात. वडिलांनी बैल विकून फी भरली, सासूनं दोन वर्षं नातू सांभाळला, वसतिगृहातल्या मित्रानं डब्यातली अर्धी भाकरी दिली, सगळं तिथं येतं. शुद्धलेखन चुकलेलं असतं, वाक्यं लांबतात, पण ती कुणाची तरी असतात. पुढचं पान उलटलं की 'प्रकरण पहिले : प्रास्ताविक', आणि बैल विकणाऱ्या बापाचा मुलगा गायब. तिथून संदर्भसूचीपर्यंत तुमचं राज्य. गंमत अशी की वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 साली जे नियम केले, त्यांनी साम्य तपासताना ऋणनिर्देश वगळायलाच सांगितलं आहे. 10 टक्क्यांवर साम्य निघालं तर प्रबंध परत येतो, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. ज्या पानावर माणूस स्वतःच्या तोंडानं बोलतो ते पान यंत्र बघत नाही, आणि जी 200 पानं बघतं त्यांत हा टक्का खाली आणायला पोरं माझ्या शेजारी बसून 'आढळून आले'चं 'निदर्शनास आले' करत असतात. तुमचंच बोलणं तुमच्याच दुसऱ्या बोलण्यानं झाकायचं, आणि याला म्हणायचं सचोटी.

पण हे पत्र लिहायला बसले ते एका मुलीपायी.

ती बीडकडची. आईबाप ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याच्या वाटेला लागायचं, चैत्राच्या आसपास परत यायचं, यातच तिचं बालपण गेलं. शाळा मधल्या दिवसांत जमेल तशी. अशी मुलगी पीएचडीला आली ती एक प्रश्न घेऊन. प्रश्न तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितला, चहा निवायच्या आत: "ताई, माझ्या आईनं आख्खं आयुष्य फडात घातलं. पण मुकादमाच्या वहीत तिचं नाव एकदाही नाही. मग तिची मजुरी मोजायची कशी?"

तुम्हाला कळावं म्हणून सांगते, कारण तुम्ही त्या फडात गेलेला नाहीत. तिथं हिशेब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. दर टनावर. नवरा तोडतो, बायको साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. त्याआधी पहाटे उठून तिनं भाकऱ्या थापलेल्या असतात. एकटीची म्हणून मजुरी तिच्या हातात पडतच नाही. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. बायको तापानं पडली तर अर्धा कोयता मोळ्या बांधून, वाहून गाडी भरू शकत नाही, म्हणून खाडा दोघांचा. म्हणून ती पडत नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. या मुलीला त्यातलं खाड्याचं गणित दहाव्या वर्षापासून तोंडपाठ होतं. ते तिनं कुठल्या ग्रंथालयात वाचलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत मोळी उचलताना आईचा चेहरा बघितला होता.

एवढी पुंजी घेऊन आलेल्या मुलीचं तुम्ही काय केलंत? आधी विषयाचं बारसं केलंत: 'ऊसतोड कामगारांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)'. आईची मजुरी गेली, स्थिती आली. मग प्रश्नावली. 'आपण करीत असलेल्या कामाबाबत समाधानी आहात काय? पूर्णतः / अंशतः / नाही.' पुढं 'उत्तरदात्याचे मासिक उत्पन्न'. महिन्याला पगार नाही, बाईच्या नावावर काही नाही, उचल हंगामाची आणि दोघांची. तो रकाना भरायचा कसा? तिनं मार्गदर्शकांना विचारलं. सर म्हणाले, भागून टाक. उचल भागिले दोन, भागिले महिने. तक्ता क्रमांक 4.7 मी स्वतः टाइप केला आहे. जी मजुरी त्या बाईला कुणी कधी दिली नाही, ती तुम्ही दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत देऊन टाकलीत. एवढं औदार्य कारखान्यालाही जमलेलं नाही.

मुलगी हट्टी होती. अड्ड्यावर दिवसा प्रश्नावली घेऊन गेली तेव्हा बायका म्हणाल्या, "आमच्या ह्यांना इचारा." मुकादम खाटेवर बसून ऐकत होता. तिनं कागद पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर फडात उतरली. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करू लागली, मोळीला आळा मारून दिला. तिचे हात चालताना बघून एका म्हातारीनं विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं आईचं माहेर सांगितलं. त्यानंतर जे बोलणं सुरू झालं ते चुलीपुढं, कोपीत, गाडीची वाट बघत रात्री उशिरापर्यंत चाललं. वाढं विकून येणारे पैसे कुणाच्या कनवटीला जातात, त्यातून बाजार कोण करतं, हिशेबाच्या दिवशी बायकांना लांब का बसवतात, हे सगळं तिनं शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहिलं. वहीच्या कडांना चिपाडाचा चिकटा लागलेला आहे. ती वही मी वाचली आहे, आणि प्रबंधही मीच टाइप केला आहे. त्या अख्ख्या वहीचं प्रबंधात एक वाक्य झालं: 'प्रस्तुत संशोधिकेने सहभागी निरीक्षण तंत्राचाही अवलंब केला.' त्यातला 'ही' बघून मी दोन मिनिटं कीबोर्डवरून हात काढला.

आणि निष्कर्ष? 'कामगार व मुकादम यांच्यात परस्परावलंबी स्वरूपाचे संबंध दिसून येतात.' वा! असं वाक्य मुकादमानं सुद्धा सही करून दिलं असतं. तुम्ही म्हणता, संशोधकानं मूल्यं बाजूला ठेवावीत. ठेवलीत की! मुलीची बाजूला ठेवलीत आणि मुकादमाची उचललीत. त्याची वही हा पुरावा, तिची वही हा भावनाविवश तपशील.

आता तुम्ही तुमची नेहमीची ढाल पुढं कराल: वस्तुनिष्ठता. स्वतःला आत आणलं की निष्कर्ष वाकडे होतात. भीती खोटी नाही. आपल्या जातीचा, गावाचा, पक्षाचा कैवार घेऊन आधीच ठरलेलं सिद्ध करणारे प्रबंधही माझ्या दुकानातून गेले आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतही सगळीकडं तुम्हीच होता. 'मी' एकदाही नव्हता, पण पान 1 वरच कळायचं की पान 250 वर काय निघणार. म्हणजे तुम्ही असल्यानं पक्षपात टळतो हे काही खरं नाही. तो कुणाचा ते तेवढं कळत नाही. मॅक्स वेबर यांचं नाव तुम्ही उठताबसता घेता. त्यांनी 1904 च्या निबंधातच मांडलं होतं की कुठला प्रश्न विचारण्याजोगा वाटतो हे ठरवताना मूल्यं असतातच. उत्तर शोधताना मात्र वास्तवाला वाकवायचं नाही. तुम्ही यातलं पहिलं अर्धं टाइपच करायला दिलं नाहीत मला कधी.

वास्तव न वाकवणं काय असतं ते बघा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांनी कवट्या मोजायला दिल्या. गोऱ्यांच्या कवटीतली डाव्या-उजव्या बाजूंची तफावत त्यांच्या बुद्धीची थोरवी दाखवते, असं काहीसं निघावं ही अपेक्षा. बाईंनी मोजल्या, आणि वंशाचा त्या तफावतीशी संबंध नाही असं लिहून दिलं. पदवी मिळाली, पण गुण देताना साहेबांचा हात आखडला. हिंदुस्थानातून आलेली तरुण मुलगी, परकी भाषा, आणि समोर असा माणूस. तिथं नुसती मोजपट्टी पुरत नाही हो. जे दिसलं तेच लिहायला अंगात जे लागतं, त्याला तुमच्या प्रकरण तीनमध्ये, संशोधन पद्धतीत, एकही मुद्दा नाही.

याच बाई पुढं वारीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत 'मी'. ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बघून त्यांना जे टोचलं तेही त्यात आहे आणि मानववंशशास्त्रही आहे. 'आंतरराष्ट्रीय जर्नलवाले असलं घेत नाहीत' असं तुम्ही पोरांना सांगता. तो लेख इंग्रजीत 1962 साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये छापून आला.

आणि बाबासाहेब. रुपयाचा प्रश्न, म्हणजे विनिमय दर, सुवर्णमान, रुक्ष म्हणावा तर यापरता रुक्ष विषय नाही. तुम्हाला दिला असता तर 'रुपयाच्या मूल्यातील चढउतारांचा चिकित्सक अभ्यास' झाला असता. रुपया घसरला की व्यापाराचा फायदा, म्हणजे देशाचा फायदा, असं बडेबडे म्हणत होते. आंबेडकरांनी विचारलं, हा फायदा येतो कुणाच्या खिशातून? किमती चढतात, मजुरी मागं रेंगाळते; देशात बाहेरून काही येत नाही, एका वर्गाचं दुसऱ्याकडं जातं. हा प्रश्न सुचायला मजुरांच्या चाळीत राहिलेलं असावं लागतं, आणि तो सिद्ध करायला ग्रंथालयात दिवसदिवस बसावं लागतं. दोन्ही एकाच माणसात होतं. लंडनच्या परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून आणायला सांगितला. आंबेडकरांनी मांडणी बदलली आणि निष्कर्ष तसेच ठेवले, असं चरित्रकार सांगतात. 1923 मध्ये पुस्तक निघालं. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, हे त्या प्रस्तावनेतच सांगितलं. तरी लिहिली! आमच्या गल्लीत असा मार्गदर्शक आला तर मी त्याला चहाबरोबर खारीही देईन.

सरांवर सगळं ढकलायचा मात्र माझा विचार नाही. तो बिचारा बाहेरच्या रेफरीला भितो. रेफरी कधीतरी कुणाचा विद्यार्थी होता, त्याच्या सरांनी त्याचा 'मी' लाल शाईनं खोडला होता. अशी ही गादी चालत आलेली आहे, आणि गादीवर तुम्ही.

मूल्यांचं राहू द्या, ज्याच्या हातात जे कसब आहे ते तरी वापरू द्याल की नाही? मागं एक मुलगा एकनाथांच्या भारुडांवर प्रबंध घेऊन आला. घरात भजनाची परंपरा, गळा असा की समोरचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून दारात यायचा. वीज गेली की तो अख्खं भारूड साभिनय म्हणून दाखवायचा: इथं बायका हसतात, इथं म्हातारे गप्प होतात, ही ओळ गावाप्रमाणं बदलतात कारण पाटील पुढं बसलेला असतो. त्याच्या प्रबंधात मी काय टाइप केलं? 'भारुडांत नाट्यात्मकता, गेयता व लोकाभिमुखता हे विशेष आढळतात.' बाकीचं परिशिष्ट ड. आणि वनस्पतिशास्त्रातल्या त्या मुलीचं सांगायलाच नको, जिला बांधावरचं प्रत्येक तण आजीमुळं ठाऊक होतं आणि जिनं ते 'स्थानिक माहितीस्रोत' म्हणून एका तळटीपेत उरकलं. आजी तळटीपेत!

अलीकडं तुम्ही हुशार झाला आहात, हेही नोंदवते. बाहेरच्या देशांत संशोधक स्वतःची जागा, जात, वर्ग, लिंग सांगून मग बोलतात, हे तुमच्या कानावर आलं. लगेच एक तयार परिच्छेद आला: 'प्रस्तुत संशोधिका ही ग्रामीण, मध्यमवर्गीय पार्श्वभूमीतील स्त्री असून तिला स्वतःच्या स्थानाची जाणीव आहे.' गेल्या वर्षभरात हाच परिच्छेद वेगवेगळ्या फाइलींतून माझ्याकडं आला. एकदा तर पुरुषाच्या प्रबंधात स्त्री तशीच राहिली होती. स्थान सांगून झालं की पुढं पुन्हा तेच तक्ते. ते स्थान सांगितल्यानं कुठला प्रश्न वेगळा विचारला गेला, कुठला दरवाजा उघडला, कुठं आपलीच माणसं आपल्याशी खोटं बोलली, यातलं काही नाही.

आणि आता तर तुम्हाला खरं घर मिळालं. दोन ओळी घातल्या की संगणक आख्खं प्रकरण लिहून देतो. बघते तर काय, हुबेहूब तुम्ही! 'बहुआयामी', 'एकंदरीत', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते'. ज्याला आई नाही, गाव नाही, खाडा पडत नाही, असा लेखक तुम्ही इतकी वर्षं घडवत होतात. तो शेवटी यंत्रातून बाहेर पडला. अभिनंदन. पोरांना मी एवढंच सांगते की यांच्यासारखं लिहायचं असेल तर माझा वेळ आणि तुमचे पैसे कशाला घालवता.

त्या मुलीला पदवी मिळाली. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढला, कुणीही उघडावा आणि तक्ता 4.7 बघावा. वही मात्र तिनं मला परत आणून दिली, पुस्तक करायचं म्हणते. पहिली साठ पानं टाइप झाली आहेत. 'कुणाची गं तू?' तिथून सुरू होतं. तुम्हाला त्यात काम नाही.

आणि धंद्याचं. येत्या महिन्यापासून दर बदलत आहेत, तुमच्या सगळ्या मार्गदर्शकांना कळवावं. 'मी' कितीही वेळा टाइप करून मिळेल, फुकट. 'प्रस्तुत संशोधक' असेल तिथं वाक्यागणिक पाच रुपये जास्त, 'संशोधिका' असेल तर लुगड्याचे वेगळे. 'उत्तरदात्यांनी उत्स्फूर्त सहकार्य केले' हे टाइप करून हवं असेल तर निदान एकानं हाकलून दिल्याचा किस्सा आधी तोंडी सांगावा लागेल. शीर्षकात 'चिकित्सक' हवा असल्यास आतलं एक पान दाखवा जिथं कुणाला राग येऊ शकेल. उधारी बंद. पेनड्राइव्ह व्हायरस तपासून आणणे.

कळावे,

तुमची नाइलाजानं टंकलेखिका